पत्ता तोच, यंत्र नवं

मालवणच्या किनाऱ्यावर नेटवर्कचं काम करणाऱ्यांचा हंगाम मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होतो. संध्याकाळी मळब येतं, विजा चमकतात, लाईट चार वेळा जाते-येते आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून फोन वाजायला लागतो. कुणाचा राउटर जळलेला असतो, कुणाच्या स्विचची निम्मी पोर्टं बंद पडलेली, कुणाच्या कॅमेऱ्यांचा अडॅप्टर गेलेला. विजेतून जे वाचतं ते खाऱ्या हवेच्या तावडीत सापडतं. तारकर्ली-देवबागला समुद्राच्या तोंडावर बसवलेल्या जॅकच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि एक दिवस लिंकचा दिवा विझतो. त्यामुळे माझं बरंचसं काम नवं जाळं उभारण्याचं नसतंच. जुन्या जागी नवं यंत्र बसवणं, हेच ते काम. आणि जागा तीच आहे, पत्ता तोच आहे, फक्त यंत्र बदललंय, एवढं बाकीच्या नेटवर्कला कळणं वाटतं तितकं सोपं नसतं.

जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात. एक मॅक अ‍ॅड्रेस, ४८ बिटांचा, कारखान्यातच मिळालेला. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्यांवरून ते यंत्र कुठल्या कंपनीचं हे कळतं. दुसरी ओळख आयपी अ‍ॅड्रेस, ३२ बिटांची. तो आपण देतो, यंत्र कुठल्या जाळ्यात बसलंय ते पाहून. बिलाचं सॉफ्टवेअर फक्त आयपी जाणतं. केबलवरून जाणारी फ्रेम फक्त मॅक जाणते. दोघांची गाठ घालून देण्याचं काम एआरपी, म्हणजे अ‍ॅड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल करतो. एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी तो नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ म्हणून लिहून काढला. आपण आजही वापरतो त्या आयपीचं मानक, आरएफसी ७९१, सप्टेंबर १९८१ चं आहे. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. मालवणच्या तंत्रनिकेतनातली मुलं माझ्यासोबत काम शिकायला येतात, त्यांना मी हे मुद्दाम सांगते. मग साल विसरत नाहीत.

एआरपीची रीत आमच्या वाडीची आहे. परगावचा माणूस येतो आणि पहिल्याच अंगणातून मोठ्यानं विचारतो, "बाबलो खंय रवता?" हाक सगळ्यांना ऐकू जाते, बाकीचे आपापल्या कामात राहतात आणि बाबलो तेवढा ओ देतो, "मी हय आसय." विचारणाऱ्याला घर कळतं, थोडा वेळ लक्षातही राहतं. ओ देणाऱ्याकडे ओळखपत्र मात्र कुणीच मागत नाही. बाबल्याऐवजी दुसऱ्याच कुणी ओ दिली, तर पाहुणा त्याच्या घरी जाऊन बसेल.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी या एवढ्यात बसतात. कधी लक्षात राहिलेलं घर जुनं झालेलं असतं, कधी ओ देणारे दोघं असतात.

दोघांनी ओ देण्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला देवबागला भेटलं. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या एका होमस्टेला जोडून खानावळ आहे. ऑर्डर काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर घेतात आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या प्रिंटरवर कागद निघतो: सुरमई थाळी दोन, सोलकढी चार. पावसाळाभर हे सुरळीत चाललं. दिवाळीची सुट्टी लागली, खोल्या भरल्या आणि प्रिंटर लहरीवर आला. कधी कागद निघे, कधी नाही. प्रिंटर बदलून झाला, केबल बदलून झाली. खानावळ चालवणाऱ्या काकी वैतागल्या होत्या. "गो बाय, पावसात बरा चलत होता. दिवाळी इली की ह्या मशीनीक काय होता कोण जाणे!"

काकींनी सहज म्हटलेल्या त्या वाक्यातच बिघाड सांगितलेला होता. जो दोष गर्दीत येतो आणि गर्दी ओसरली की जातो, तो बहुधा यंत्रात नसतो, पत्त्यांच्या वाटपात असतो. मी प्रिंटरला हात न लावता काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसले. प्रिंटर चालत असताना 'एआरपी -ए' ही आज्ञा दिली आणि १९२.१६८.१.१०० समोरचा मॅक वहीत उतरवला. थोड्या वेळानं प्रिंटर रुसला तेव्हा पुन्हा तीच आज्ञा दिली. पत्ता तोच, मॅक वेगळा. पहिला मॅक प्रिंटरच्या तळाच्या स्टिकरवरचा होता. दुसऱ्या मॅकच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर 'ए' होतं. त्या जागी २, ६, ए किंवा ई असेल, तर तो मॅक कारखान्यातून आलेला नसतो, यंत्रानं स्वतःच बनवून घेतलेला असतो. हल्लीचे फोन असंच करतात. मालकाचा माग काढता येऊ नये म्हणून प्रत्येक वायफायसाठी नवा मॅक घेतात. म्हणजे प्रिंटरच्या पत्त्यावर कुणा पाहुण्याचा फोन ओ देत होता.

मग सगळं उलगडलं. बिलाचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यानं प्रिंटरला १०० हा आकडा हातानं दिला होता. राउटर मात्र २ पासून २५४ पर्यंतचे सगळेच पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळीनं वाटत होता आणि दिलेला पत्ता पूर्ण दिवसभर राखून ठेवत होता. वायफायचा कोड खानावळीच्या प्रत्येक टेबलावर लावलेला. जेवून निघून गेलेल्या माणसाचा पत्तासुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडायचा. पावसात ही ओळ तीस-चाळिसाच्या पुढे जात नसे. दिवाळीत ती शंभरापर्यंत पोहोचली आणि तीही सकाळी, स्वयंपाकघर उघडून प्रिंटर चालू होण्याआधी. पत्ता मोकळा आहे असं समजून राउटरनं तो फोनला देऊन टाकला. तो पाहुणा फोन घेऊन सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेला की प्रिंटर बिनतक्रार चाले. पाहुणा परतला की ऑर्डरी गायब.

तात्पुरता उपाय दोन मिनिटांचा होता: वाटपाची ओळ १०१ पासून पुढे सुरू करायची आणि पत्ता राखून ठेवण्याची मुदत एका दिवसावरून दोन तासांवर आणायची. काकींचं तेवढ्यावर समाधान झालं असतं. माझं होत नव्हतं. पाहुण्यांचे फोन, बिलाचा कॉम्प्युटर आणि कॅमेरे एकाच अंगणात ठेवणं मला कधीच पटलेलं नाही. एकाची हाक सगळ्यांना ऐकू जाते, म्हणजे खोलीत बसून वायफाय वापरणाऱ्या कुणालाही काउंटरच्या नावानं ओ देता येते. हंगाम सरल्यावर काकींना एक मॅनेज्ड स्विच घ्यायला लावला. तसं म्हटलं तर खर्च एका शनिवार-रविवारच्या एका खोलीच्या भाड्याचा, तरी पटवायला वेळ लागला.

त्या स्विचवर जाळ्याचे तीन भाग केले, अशा भागांना व्हीलॅन म्हणतात. कार्यालयासाठी व्हीलॅन १०, कॅमेऱ्यांसाठी २०, पाहुण्यांसाठी ३०. पत्त्यातला तिसरा आकडा मी व्हीलॅनच्या आकड्याशी जुळवते: १९२.१६८.१०, १९२.१६८.२०, १९२.१६८.३०. रात्री फोनवर कुणी आकडा वाचून दाखवला की यंत्र कुठल्या भागातलं आहे हे मला घरबसल्या कळतं. पाहुण्यांना मास्क २५५.२५५.२५४.० दिला, त्यामुळे २५४ ऐवजी ५१० पत्ते मिळाले. कार्यालयाच्या भागात पहिले पन्नास आकडे हातानं द्यायच्या यंत्रांसाठी, आणि ते वाटपातून कायमचे वगळलेले. एआरपीची हाक व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही. पाहुण्याच्या फोनला काउंटरकडे जायचंच असेल, तर त्याला गेटवेकडे, म्हणजे अंगणाबाहेर जाण्याच्या दारापाशी, यावं लागतं आणि तिथे मी त्याला अडवू शकते.

मास्कबद्दल इथे थोडं थांबते, कारण नवी मुलं तो आकडा नुसता पाठ करून टाइप करतात. समोरचा पत्ता आपल्याच अंगणातला की बाहेरचा, हे यंत्र मास्कवरून ठरवतं. अंगणातला असेल तर त्याच्याच नावानं हाक मारतं, बाहेरचा असेल तर गेटवेच्या नावानं. एखाद्या कॉम्प्युटरला २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० दिलं, तर दुसऱ्या व्हीलॅनमधला पत्ताही त्याला अंगणातलाच वाटतो. तो तिथल्या यंत्राच्या नावानं हाका मारत बसतो, उत्तर येत नाही. इंटरनेट मात्र त्याला व्यवस्थित मिळत असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यातून राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल, तर राउटरच दुसऱ्याच्या वतीनं ओ देतो आणि चूक वर्षानुवर्षं झाकून राहते. राउटर बदलला की ती एकदम उघडी पडते, आणि दोष येतो नव्या राउटरवर.

जुनं घर लक्षात राहण्याचा प्रकार मला तौक्ते वादळानं दाखवला. १६ मे २०२१ चा रविवार, त्यात कोरोनाचे निर्बंध. वादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड-आंबे उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत अनेक दिवस अंधार होता. लाईट आली ती एकसारख्या दाबानं आली नाही, आणि वादळात तगलेली यंत्रं त्या झटक्यात गेली. एका पतसंस्थेच्या शाखेतला राउटर असाच गेला. लोकांना पैसे हवे होते. पत्रे, कौलं, ताडपत्री, सगळं रोखीनं घ्यावं लागत होतं. मी नवा राउटर बसवला, कंपनीनं दिलेला स्थिर आयपी, मास्क, गेटवे भरला. लाइनचा दिवा हिरवा. पण एक पॅकेट पलीकडे जात नव्हतं.

पलीकडच्या, सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रात या आयपीसमोर जळलेल्या राउटरचा मॅक अजून नोंदलेला होता. बऱ्याच मोठ्या राउटरांत एआरपीची नोंद चार तास टिकते, हीच मूळची मांडणी असते. काही ठिकाणी तर ती नोंद मुद्दाम पक्की करून ठेवलेली असते आणि माणसानं पुसल्याशिवाय जात नाही. नवं यंत्र आलं की ते आपणहून एकदा 'हा पत्ता आता माझा' असं पुकारतं, त्याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात. पण पक्की नोंद त्या पुकाऱ्याला दाद देत नाही. नोंद पुसायला कंपनीला फोन करायला हवा होता आणि टॉवर बंद होते. शाखेच्या बाहेर लोक उभे होते.

जळलेला राउटर मी टेबलाखाली ठेवलेला होता. त्याच्या तळाचं स्टिकर शाबूत होतं. त्यावरचा मॅक मी नव्या राउटरच्या बाहेरच्या पोर्टला दिला. जवळजवळ सगळ्या राउटरांत ही सोय असते. एका मिनिटात लाइन चालू झाली. पलीकडच्या यंत्राच्या दृष्टीनं काही बदललंच नव्हतं. बाहेर थांबलेल्या एका आजोबांनी विचारलं, "झाला काय गो?" आणि मी "झाला" म्हटल्यावर रांग सरकली. तेव्हापासून जळलेलं कुठलंही यंत्र त्याच्या स्टिकरचा फोटो घेतल्याशिवाय मी भंगारात जाऊ देत नाही.

स्विचच्या स्वतःच्या आयपीबद्दलही सांगायला हवं. साध्या स्विचला फ्रेमा इकडून तिकडे पोहोचवायला आयपी लागतच नाही. त्याची मॅकची यादी वेगळी असते: कुठला मॅक कुठल्या पोर्टवर, एवढंच. ती नोंद साधारणपणे पाच मिनिटं कुणी बोललं नाही की पुसली जाते. आयपी लागतो तो आपल्याला त्या स्विचपर्यंत लांबून पोहोचता यावं म्हणून. जुलैत रस्त्यावर पाणी असताना कुडाळहून देवबागला जाण्यापेक्षा घरून स्विच उघडून बघता आला, तर तिकडच्या माणसाचा दिवस वाचतो. म्हणून व्हीलॅनच्या इंटरफेसला आयपी द्यायचा, मास्क द्यायचा, 'नो शटडाउन' म्हणायचं आणि डिफॉल्ट गेटवे द्यायचा. ही शेवटची ओळ राहिली, तर स्विच शेजारच्या कॉम्प्युटरला उत्तर देतो, लांबून विचारणाऱ्याला नाही. त्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचतो. उत्तर कुठल्या वाटेनं पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं.

आणि मग 'राइट मेमरी'. आज्ञा टाइप करताच स्विच त्याप्रमाणे वागू लागतो, पण ते सगळं चालू स्मृतीत असतं. साठवलं नाही तर लाईट गेल्यावर पुसलं जातं. मुंबई-पुण्याच्या सर्व्हर रूममध्ये अशी न साठवलेली मांडणी वर्षभर खपून जात असेल. आमच्याकडे ती पहिल्या मळबापर्यंतसुद्धा टिकत नाही. एका लॉजमध्ये कुणीतरी आधी केलेले व्हीलॅन लाईट गेल्यावर असेच नाहीसे झाले आणि सगळी पोर्टं व्हीलॅन १ मध्ये येऊन पडली. इंटरनेट चालू होतं, म्हणून तक्रार आली नाही. पाहुण्यांच्या फोनवर आवारातले कॅमेरे दिसू लागले तेव्हा कळलं.

ओळखपत्र न मागण्याच्या मूळच्या त्रुटीवर स्विचमध्ये उपाय आहे. स्विच स्वतःच पत्ते वाटले जाताना लक्ष ठेवतो, कुठल्या पोर्टवरच्या कुठल्या मॅकला कुठला आयपी मिळाला याची नोंद ठेवतो, आणि नंतर कुणी वेगळीच ओ दिली तर ती फ्रेम टाकून देतो. या अडवण्याला डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन म्हणतात. पैशांचे व्यवहार होतात तिथे मी त्याचा आग्रह धरते. पण वहिवाट माहीत असलेल्या माणसानंच ते इथे लावावं, कारण ही नोंदही चालू स्मृतीत असते. लाईट जाऊन आली की नोंद कोरी होते. कॉम्प्युटरांकडे मात्र आधी मिळालेले पत्ते असतात, ते लगेच नव्यानं मागायला जातातच असं नाही. नाही मागितले, तर स्विच अशा प्रत्येकाला तोतया समजून अडवतो आणि आख्खी शाखा ठप्प होऊ शकते. ती नोंद फ्लॅशमध्ये साठवायची आज्ञा वेगळी द्यावी लागते, आणि हातानं पत्ते दिलेल्या प्रिंटर-कॅमेऱ्यांची यादी वेगळी भरावी लागते. मोठ्या शहरांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत ही आज्ञा बहुतेक वेळा 'हवी असल्यास' या सदरात असते. दिवसातून चार वेळा लाईट जाते त्या गावात ती सगळ्यात आधी लिहायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सध्या माझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी बंद घरांची आहे. घरातली माणसं मुंबईत, घर आचऱ्याला नाहीतर मसुऱ्याला, गणपतीला आणि मे महिन्यात तेवढं उघडणारं. त्यांना अंगण आणि माडाची बाग डोंबिवलीतून बघायची असते. कॅमेरा लावला, आयपी दिला, तरी बाहेरून तो सापडत नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे वर सांगितलेले ३२ बिटांचे, पत्ते सुमारे ४२९ कोटी आणि ते संपत आले. आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव भागावर आला. त्यामुळे सेवा देणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता वापरतात आणि घराच्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होणारा आतला पत्ता देतात. तो बाहेरच्या जगाला दिसतच नाही. काही जण यावर कॅमेऱ्याच्या कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरवरून घर बघतात. स्वतःच्या अंगणाचं चित्र असं फिरून येणं मला रुचत नाही.

आयपीच्या नव्या आवृत्तीत, आयपीव्ही६ मध्ये, ही टंचाई नाही. तिथे एआरपीही नाही. त्याची जागा नेबर डिस्कव्हरीनं घेतली आहे. ती सगळ्या अंगणाला हाक मारत नाही, पत्त्यावरून ठरणाऱ्या छोट्या गटालाच विचारते. ओळखपत्र मात्र तिथेही आपोआप मागितलं जात नाही, त्यामुळे स्विचवरची राखण तशीच करावी लागते. मसुऱ्यातल्या एका घरात लाइनवर आयपीव्ही६ मिळतंय, राउटरही ते जाणतो. फायरवॉलमधून एकाच कॅमेऱ्याला, एकाच पोर्टवर, तेवढ्याच एका फोनसाठी वाट करून द्यायची आहे. घरमालक गणपतीला येतील तेव्हा त्यांच्यासमोर बसून ते करायचं ठरलंय. स्विचशेजारी लॅमिनेट करून लावायचा पत्त्यांचा तक्ता मी आत्ताच काढून ठेवलाय: पोर्ट, मॅक, आयपी, यंत्र कुठल्या खोलीत, केबल कुठल्या भिंतीतून. शेवटचा रकाना रिकामा सोडलाय, पुढच्या मे महिन्यात जे यंत्र बदलेल त्याच्या मॅकसाठी.